मामांनी जहाजावरून आणलेला जुना ॲम्प परत उभा करावा का सरळ नवीन काहीतरी घ्यावं?

प्रियोळचो

मंडळी, सरळ विचारतो. ऐंशीच्या दशकातला जपानी ॲम्प (ॲम्प्लिफायर), त्याच कंपनीचा कॅसेट डेक, गुडघ्यापेक्षा उंच थ्री-वे स्पीकर आणि वडिलांनी मुंबईहून आणलेलं बेल्टवालं टर्नटेबल, एवढं सगळं घरात आहे पण मुलगा शाळेत जायला लागल्यापासून कुणी प्लगला लावलेलं नाही. आता यात पैसे घालावे का ते भंगारात देऊन त्याच पैशात काहीतरी नवीन घ्यावं? चाळीस हजारापर्यंत जाऊ शकतो, त्याच्यावर गेलो तर बायको मला पण भंगारात देईल.

थोडी पार्श्वभूमी. राहतो मडगावात फ्लॅटमध्ये, मूळ घर प्रियोळला. मामा तारवटी होते, दर कॉन्ट्रॅक्ट संपलं की काहीतरी घेऊन यायचे, त्यातलाच हा सेट. चवथीच्या आधी घर झाडायला गेलो तेव्हा माळ्यावर गोणपाटाखाली सगळं सापडलं. स्पीकरच्या कोनभोवतीचा फोम बोट लावल्याबरोबर भुगा होऊन पडला. डेकची मोटर घूं करते म्हणे (हे पुतण्याने न विचारता लावून बघितलं) पण चाक फिरत नाही. एलपी पेटीत होत्या, कव्हरांवर पांढरी बुरशी. शिवाय आजोबांच्या लाकडी खोक्यात जुन्या जड तबकड्या आहेत, ७८ आरपीएमच्या, त्या मी आयुष्यात कधी लावलेल्या नाहीत. आणि कॅसेट तर पोतंभर, नाट्यगीतं, भजनं, तियात्राची (कोंकणी नाटकांची) गाणी, रेडिओवरून टेप केलेलं काय काय.

एक काळ असा होता की कला अकादमीत केसरबाई समारोह ऐकून रात्री घरी यायचो आणि झोपायच्या ऐवजी त्याच रागाची कॅसेट शोधत बसायचो. वेड होतं म्हणा. मग नोकरी, लग्न, फ्लॅट, मुलाची दहावी, टीव्ही कायम चालू, आणि कधी बंद पडलं ते कळलंच नाही, भांडण नाही तंटा नाही, बस बंद. आता गाणं म्हणजे गाडीतलं नाहीतर फोनवरचं, तेही अर्धं ऐकून पुढचं. परवा मुद्दाम फोनवर अभिषेकीबुवा लावून डोळे मिटून बसलो तर आलाप संपायच्या आत हात आपोआप व्हॉट्सॲपवर गेलेला. म्हणून मला खरी भीती ही आहे की सगळं रिपेअर करीन आणि मग ऐकणारच नाही.

मुलगा म्हणतो ब्लूटूथ स्पीकर घे आणि मोकळा हो. बायको म्हणते साउंडबार घेऊया, निदान सिरियलला तरी उपयोग होईल. तुम्ही काय म्हणता?

कॉइलवाला

भाऊ पहिली गोष्ट, ॲम्प सरळ २३० व्होल्टला लावू नकोस आणि पुतण्याला त्याच्या जवळपास फिरकू देऊ नकोस.

त्याच्याही आधी मागची प्लेट बघ. जहाजावरच्या लोकांनी आणलेला माल दोन प्रकारचा असतो. सिंगापूर, दुबई, कुवेतला घेतलेल्याच्या मागे बहुतेक व्होल्टेज सिलेक्टर असतो, स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा, ११०-१२०-२२०-२४०. पण मामांनी जर जपानच्याच बंदरात दुकानातून उचलला असेल तर तो १०० व्होल्टचा असू शकतो, त्याला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. माळ्यावर जड डबा, एका बाजूला दोन पिनांचं सॉकेट, असं काही पडलंय का बघ. घरातल्यांनी ते इस्त्रीचं काहीतरी समजून फेकून दिलेलं असतं, मी हे चिक्कार घरांत बघितलंय.

व्होल्टेज नक्की झालं की सिरीज बल्ब. म्हणजे ॲम्पच्या लाइनमध्ये एका वायरला ६० किंवा १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा. एलईडी चालणार नाही, फिलामेंटवालाच पाहिजे, आता शोधावा लागतो. चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर बरं आहे. भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद कर आणि माणसाला दाखव. इतकी वर्षं पडून राहिलेले मोठे कपॅसिटर एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की फुटू शकतात, बल्बवर थोडा वेळ ठेवलं की सावरतात. तुला इलेक्ट्रिकचं काम येत नसेल तर हे पण स्वतः करू नकोस, मेन लाइन आहे ती.

पुढे, स्पीकर जोडायच्या आधी मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही चॅनलचं आउटपुट मोजायचं, गाणं न लावता. ५० मिलिव्होल्टच्या खाली असलं की निर्धास्त. जास्त असलं तर चांगला स्पीकर लावू नको, वूफरची (जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरची) कॉइल जळेल. पहिल्यांदा एखादा टाकाऊ स्पीकर लाव.

फोम जाणं हा रोग नाही, ते होतंच. पॉलियुरेथेन आहे तो, दमट हवेत आपसूक विरघळतो, गोव्यात तर बघायलाच नको. कोन आणि कॉइल शाबूत असेल (कोन दोन्ही हातांनी हलकेच आत दाबून बघ, खरखर लागता कामा नये) तर नवीन रिंग चिकटवून मिळते, वूफर बदलायची गरज नाही. रबराची रिंग जास्त टिकते पण जड असते, बेसचा स्वभाव थोडा बदलतो. मी तरी फोमच लावतो, मूळ आवाज राहतो, परत जाईल तेव्हा परत लावू.

डेकचा बेल्ट वितळून डांबर झालेला असणार. नवीन घालायच्या आधी पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने लखलखीत पुसून घे नाहीतर नवीन पण त्याच चिकटात घसरतो. माप जुन्या बेल्टचं घ्यायचं नाही, तो ताणलेला असतो, दोरा पुलींवरून फिरवून मोजायचं आणि किंचित कमी धरायचं.

ॲम्पला आतून नवे कपॅसिटर सगळेच्या सगळे बदला असं कुणी सांगितलं तर दुसऱ्याला विचार.

सांतइनेज_चौथामजला

मी उलट बाजू मांडतो, शिव्या घाला पाहिजे तर.

चाळीस हजारात आज चांगले ॲक्टिव्ह स्पीकर येतात, आत ॲम्प, मागे यूएसबी, ऑप्टिकल सगळं. लॉसलेस स्ट्रीमिंग म्हणजे निदान सीडीच्या दर्जाचं, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, त्याच्यापुढे तुमची नॉर्मल टेपची कॅसेट म्हणजे बारा-चौदा किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नाही आणि खाली सतत हिस्स. मुलगा दहावी झालाय म्हणजे तुम्ही पन्नाशीला आलात, या वयात वरचं तसंही ऐकू येत नाही ते वेगळं. हे लोक रिपेअरच्या नावावर तीन-चार महिने घालवतात, एक झालं की दुसरं बिघडतं, आणि गाणं ऐकायचं राहूनच जातं. तुम्हाला ऐकायचंय का दुरुस्त्या करायच्या आहेत ते आधी ठरवा.

आणि ब्लूटूथचं म्हणाल तर मुलाचं अगदीच चूक नाही, पण एकच डबा घेऊ नका, त्यात स्टिरिओ नावापुरता असतो. दोन वेगळे स्पीकर पाहिजेत.

कॉइलवाला

@सांतइनेज तुझं कॅसेटबद्दल बरोबर आहे, वाद नाही. पण त्याच्याकडे स्पीकर आहेत रे, आठ-दहा इंचाचे वूफर असणार, तसं खोकं नवीन घ्यायला गेलं तर चाळीसात काय येतं? बेल्ट, रिंगा, क्लीनर, माणसाची मजुरी सगळं धरून दहाच्या आत बसतं असा माझा अनुभव. वॉटचा पण बाऊ करू नका. ८८ डेसिबलचा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतो, तेवढ्यात शेजारी बेल वाजवतो. ॲम्प तीस-चाळीस वॉटचा असला तरी पोटभर झाला. आणि फोन जोडायला ऑक्सची एक वायर लागते फक्त, जुन्या ॲम्पला नवीन गाणं चालत नाही असं कुठे लिहिलंय.

शिवाय टर्नटेबल नवीन ॲक्टिव्ह स्पीकरला सरळ लावता येत नाही. कार्ट्रिजमधून दोन-पाच मिलिव्होल्ट निघतात, त्याला फोनो स्टेज, म्हणजे तो बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग, लागतो. जुन्या ॲम्पला तो आतच असतो, मागे फोनो लिहिलेलं भोक बघ, बाजूला अर्थचा स्क्रू. टर्नटेबलची काळी अर्थ वायर तिथे आवळली नाही तर गुणगुण येते आणि लोक म्हणतात ॲम्प गेला.

खमाज

प्रियोळचो दादा, यंत्राचं हे दोघं बघतील. मी आजोबांच्या खोक्याबद्दल लिहिते कारण तिथेच सगळ्यात जास्त नुकसान व्हायची भीती आहे.

७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात, एलपीसारख्या प्लास्टिकच्या नाहीत. त्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका, वर डेकसाठी सांगितलंय ते आयसोप्रोपिल तर नाहीच नाही, लाख विरघळते आणि चरे कायमचे जातात. साधं कोमट नाही, गार पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ ब्रश चऱ्यांच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून, आणि मग सुती फडक्याने टिपून उभ्या वाळवायच्या. पाण्यात बुडवून ठेवायच्या नाहीत. हातातून पडली तर संपली, त्या फुटतात. एलपी पण अशाच धुवा, त्यांना थोडं अल्कोहोल चालतं पण तुम्ही गोंधळ नको म्हणून वापरूच नका. बुरशीची आतली कागदी पाकिटं फेकून द्या, बाहेरचं पुठ्ठ्याचं कव्हर उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर ठेवा आणि मग कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका. तोंडाला काहीतरी बांधा, ती बुरशी छातीत गेली की पंधरा दिवस खोकाल.

एलपीच्या सुईने ७८ लावू नका. एलपीच्या सुईचं टोक साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ च्या चरीला ३ मिलचं लागतं. बारीक सुई चरीच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर ऐकू येते, आणि लोक समजतात तबकडीच खराब. पुष्कळ कार्ट्रिजना ७८ ची वेगळी सुई मिळते, काढून घालायची. आधी टर्नटेबलला ७८ चा वेग आहे का ते बघा, नंतरच्या बऱ्याच मॉडेलना फक्त ३३ आणि ४५ असतो.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते, तो हात व्हॉट्सॲपवर जाण्याचा. मला वाटतं तुमचं सुरुवातीचं गाणंच चुकीच्या लांबीचं आहे. इतक्या वर्षांनी एकदम तासाभराची मैफल लावून बसलात तर हात जाणारच, माझाही जायचा. दहा इंची ७८ ची एक बाजू तीन मिनिटं, सव्वातीन. आपल्या केरीच्या केसरबाईंनी त्या तेवढ्यात अख्खा राग उभा केलाय, आलाप, ताना, बंदिश सगळं, एक श्वास वाया गेलेला नाही. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम आणि तीन मिनिटं. नासाने १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या सोन्याच्या तबकडीत त्यांची भैरवी आहे ना, 'जात कहां हो', ती पण साडेतीन मिनिटांचीच. (जाता जाता, त्या तबकडीसोबत नासाने कार्ट्रिज आणि सुई पण पाठवलीय. परग्रहावरच्या लोकांचं म्हणजे तुमच्यापेक्षा सोपं आहे.)

तर रोज एक बाजू. तीन मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत. परत तीच बाजू लावावीशी वाटली तर लावा, नाही तर उठा. ७८ लागेपर्यंत फोनवरूनच जुन्या तबकड्यांची रेकॉर्डिंग ऐका, मात्र फार साफ केलेली नको, खरखर काढायच्या नादात वरच्या तानपुऱ्यावर पण बोळा फिरवलेला असतो आणि आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. थोडी खरखर असलेली बरी, कान दोन दिवसांत ती बाजूला टाकायला शिकतो. मग काही आठवड्यांनी एलपीची एक बाजू, वीस-बावीस मिनिटं. उठून ती उलटायला लागते हे पण बरंच आहे. अभिषेकीबुवा तेव्हा लावा.

दोतोर_फट्टिंग

पात्रांव, तियात्राच्यो कॅसेटी विकपाच्यो आसात जाल्यार पयलीं म्हाका सांग. साउंडबार घेवं नाका. बायल सिरियल पळयतली आनी तूं भायर बल्कांवांत बसतलो 😂

मिरग

कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारतो, हा सेट ठेवणार कुठे? प्रियोळच्या बंद घरात का मडगावच्या फ्लॅटमध्ये?

बंद घरात ठेवणार असाल तर एक रुपया पण घालू नका. चार महिने पाऊस, दारं लावलेली, भिंतीतून ओल, परत सगळीकडे तेच पांढरं. आमचं घर किनाऱ्यालगत आहे, तिथे खारा वारा वेगळा, मागच्या पिना हिरव्या पडतात, स्पीकरची तांब्याची वायर उघडी राहिली तर टोकं काळी. मशीन वापरात असलं की आतली उब ओल हाकलते, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. कॅसेटना फोटोवाले लेन्ससाठी ठेवतात तसा घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, जेल गुलाबी झाली की भाजून परत. ज्या कॅसेटच्या टेपवर पांढरे ठिपके दिसतायत त्या चांगल्या डेकमध्ये घालूच नका, एकीची बुरशी हेडवरून दुसरीला लागते. त्या आधी स्वस्तातल्या टेपरेकॉर्डरवर पुढेमागे फिरवून, दर वेळी हेड पुसून.

फ्लॅटमध्ये अडचण वेगळी. कौलारू घरात छप्पर उतरतं असतं, लाकडाच्या तुळया, आवाज आपोआप विखुरतो. फ्लॅटला खाली चकचकीत लादी, वर स्लॅब, समोरासमोर नागड्या भिंती. हॉलच्या मधे उभं राहून एक टाळी वाजवा, टर्रर्र असा शेपटा ऐकू आला तर कितीही भारी स्पीकर आणा, आवाज कानात टोचणार. लोक हे ॲम्पचं खापर मानतात आणि ॲम्प बदलत बसतात. गालिचा घालू नका, पावसात कुबट वास येतो. खाली सोलापुरी चादर दुमडून, ती धुता येते, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट, खिडकीला जाड पडदा. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर, मागच्या भिंतीपासून हातभर तरी पुढे, तुम्ही आणि दोन स्पीकर मिळून समभुज त्रिकोण, ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) बसल्यावर कानाच्या उंचीला. बायको म्हणणार हॉलच्या मधे ही खोकी कशाला. मी रंगाच्या पट्ट्या मारल्यात लादीवर, ऐकायच्या वेळी पुढे ओढायची, पाहुणे आले की मागे.

आणि मिरग लागला की संध्याकाळी हळू गाणं विसरा, पावसाच्या आवाजात विलंबित काही पोचत नाही. तेव्हा हेडफोन.

प्रियोळचो

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. अपडेट देतो.

मागे सिलेक्टर निघाला, २२० वरच होता म्हणजे मामांनी शहाणपणाने घेतलाय. ओळखीच्या वायरमनला घेऊन बल्ब लावला, पेटला आणि मंद झाला, तसाच तासभर ठेवला. मग सरळ लाइनवर. डीसी दोन्हीकडे वीसच्या आत. जुने टाकाऊ स्पीकर लावून फोन ऑक्सला जोडला तर फक्त डावीकडूनच आवाज, उजवीकडे शांत. उजव्याच्या टर्मिनलला डावा स्पीकर लावून बघितला, तरी नाही, म्हणजे स्पीकरचा दोष नाही. व्हॉल्यूम फिरवला की खरर्र खरर्र.

पण एक सांगतो, तो एकाच बाजूचा खरखरता आवाज ऐकून बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली हे जरा मोठं कर. साउंडबारचा विषय सध्या थंड आहे.

तीन मिनिटांचा प्रयोग चालू केलाय, फोनवरूनच. टर्नटेबलला ७८ चा वेग आहे. सेट मडगावातच ठेवणार, मिरगचं पटलं. उजवा चॅनल मेला असेल तर किती खर्च?

कॉइलवाला

मेलेला नाही, निदान अजून तसं म्हणू नकोस. मागे बघ, प्री-आउट आणि मेन-इन असं लिहिलेल्या चार पिना आणि त्यांच्यात यू आकाराचे दोन धातूचे तुकडे घातलेले असतील. ते जम्पर गंजले की नेमका एक चॅनल जातो. प्लग काढ, जम्पर उपटून बारीक पॉलिश पेपरने घासून परत घाल. नसतील तर पुढचं टेप मॉनिटरचं बटण आणि स्पीकर ए-बी चं बटण वीस-तीस वेळा दाबून सोड, त्यांचे संपर्क काळे पडतात. व्हॉल्यूमच्या खरखरीला कॉन्टॅक्ट क्लीनर, पॉटच्या (नॉबमागच्या फिरत्या पार्टच्या) आत नळीने, आणि नॉब इकडून तिकडे फिरवत राहायचं. घरात गंजासाठी असतो तो तेलकट स्प्रे मारू नको, धूळ चिकटून सहा महिन्यांत दुप्पट खरखर.

एवढं करून पण नाही आलं तर स्पीकर रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा आतला स्विच. तो पार्ट स्वस्त आहे, काढून लावायचं काम. मडगावला येतो मी दर शनिवारी, मेसेज कर.

खमाज

दादा, तोपर्यंत रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेटवर काय काय लिहिलंय ते वाचून काढाल का? पणजी आकाशवाणीचं काही असेल तर आधी ते बाजूला ठेवा, ते दुसरीकडे कुठे मिळणार नाही. आणि कुर्डीच्या मोगूबाई निघाल्या तर डेक नीट झाल्यावर पहिली कॉपी मला.

दोतोर_फट्टिंग

आनी तियात्र?